मैल दोनशे चाळीसवरचा बार

मैल २४०, युगांडा रेल्वे, आफ्रिका
ता. ८ जानेवारी १८९९

तीर्थस्वरूप चंद्राआत्याच्या पायांवर येसाजीचं डोकं.

आत्या, हे पत्र आबाजी गुरुजी तुला वाचून दाखवतील. त्यांना माझा दंडवत. वाचायच्या आधी ओटीवर दुसरं कोणी नाही ना, एवढं बघ. तुझी सून मैना तर नकोच.

माझा तीन वर्षांचा करार संपला. माझ्याबरोबरची माणसं मोंबाशाच्या बंदराकडे गेली आणि मीही आता आपल्या चौक गावी येऊन पोचतो असं तुम्हां सगळ्यांना वाटत असेल. मी येत नाही. रागावू नकोस, आधी ऐक.

इथे मैल २४० वर मोठा तळ पडला आहे. या जागेला अजून नाव नाही, मोंबाशापासून किती मैल तेवढाच आकडा. तीन हजार माणूस तंबूत आहे. शीख मिस्त्री, गोरे ड्रायव्हर, गार्ड, सर्वेचे साहेब. या सगळ्यांत दारूचं दुकान एकच. पत्र्याची लांब खोली, आत छातीएवढी उंच फळी, मागे बाटल्यांची मांडणी. साहेब लोक याला बार म्हणतात. रुझार नावाच्या गोव्याकडच्या माणसाचा होता. त्याची बायको आजारी, त्याला घरी जायचं आहे, म्हणून विकायला काढला. आत्या, तो मी घेतला. तीन वर्षांची सगळी कमाई त्यात घातली.

कर्जत स्टेशनच्या साहेबी उपाहारगृहात मी पाच वर्षं बशा पुसल्या. इथे तीन वर्षं मेसचं कोठार सांभाळलं. कोणत्या साहेबाला काय लागतं, कोण दुसऱ्या पेल्यानंतर भांडतो, सगळं मला कळतं. आता फळीच्या पलीकडे माझा मालक नाही, मीच आहे. काल पहिल्यांदा कुलूप उघडलं आणि सवयीनं आधी फळी पुसून काढली, खरं सांगतो.

करार संपल्यावर परत जायचं बोटीचं तिकीट फुकट मिळतं. इथेच राहायचं तर ते सोडल्याचं लिहून द्यावं लागतं. मी सही केली. यायचं तेव्हा स्वतःच्या पैशाने, वरच्या वर्गातून येईन.

तुलाच का लिहितो, तर आपल्या घरात हा धंदा तुलाच ठाऊक. बोरघाटाचं काम चाललं होतं तेव्हा पळसदरीला तुझा मोहाच्या दारूचा मांडव होता, हे बाबा एकदा बोलून गेले होते. तू कधी बोलली नाहीस, मीही विचारलं नाही. आता विचारतो. काय सांभाळावं ते लिही.

मैनेला सांग की मी खाणावळ घातली आहे. तिच्या माहेरी माळकरी माणसं, दारू म्हटलं की तिला भलतंच वाटेल. पुढे मीच सांगेन.

तुझा,
येसाजी


चौक, ता. २० फेब्रुवारी १८९९

येसू, तुझ्या आत्याचा तुला आशीर्वाद.

गुरुजींना सांगितलंय, मी बोलते तसंच लिवा, नटवू नका. तर ऐक रं.

तुला अक्कल हाय, हात चलाख हाय, ते मला ठाऊक हाय. पण तू मला तीन गोष्टी सांगितल्या नायस. पयली, परवाना कोणाच्या नावावर हाय? दुकान तुझं आन् कागद त्या रुझारचा, असं तर नाय ना? सायब लोकाला माणूस दिसत नाय, कागद दिसतो.

दुसरी. इतका चालणारा धंदा तो विकतो कशाला? बायको आजारी हाय म्हणतोस. तू तिला बघितलंस का? कोणत्या गावची, काय दुखणं, विचारलंस का?

तिसरी गोष्ट मोठी. तुमचा रूळ पुढं चाललाय का थांबलाय? पळसदरीला माझ्या एकटीचा मांडव नव्हता, ओळीनं अकरा होते. डोंगर फोडणारी इतकी माणसं की ओढ्याला पाणी पुरायचं नाय. बोगदा पार झाला, माणसं वर खंडाळ्याकडं सरकली. एका पावसाळ्यात अकरा मांडवांचे खांब उभे राहिले आन् खाली गवत. रेल्वेचा तळ म्हंजे गाव नव्हं येसू. तळाला पाय असतात.

मैनेला मी खाणावळच सांगितलं. ती विचारायला लागली, "भाकरी कोण थापतं? भात कसला मिळतो तिकडं?" मी आपली सांगत सुटले. ती खूश झाली बघ. शेजारच्या इंदूबाईला सांगून आली. मला काय ते बरं वाटलं नाय. लबाडी मी करू शकते, पण आता वय झालं, पचत नाय.

परवान्याचं लवकर कळव.

तुझी आत्या

(चि. येसाजीस आबाजीचा आशीर्वाद. शब्द तिचे, शुद्धलेखन शक्य तेवढं माझं. तीन प्रश्नांची उत्तरं दे. तिला झोप लागत नाही, हे लिहू नका म्हणाली म्हणून कंसात लिहितो.)


मैल २४०
ता. २ एप्रिल १८९९

आत्या,

तुझं पत्र पोचलं. तू पळसदरीच्या वेळचं बोलतेस. त्याला चाळीस वर्षं झाली. इथे सगळं वेगळं आहे.

परवाना बदलायला टाकला आहे. मोंबाशाहून यायचा आहे, येईल. रुझार कागद देऊन गेला, त्यावर त्याची सही आहे. माणूस खोटा वाटला नाही. जाताना माझ्या गळ्यात पडून रडला.

तळाचे काही तंबू पुढे हलले, हे खरं. पण इंजिनांचा कारखाना इथेच व्हायचा आहे. रुझारही म्हणाला होता आणि साहेबाचा कारकूनही म्हणतो. कारखाना झाला की इथे कर्जतपेक्षा मोठं गाव वसेल आणि त्यात सगळ्यांत जुनं दुकान माझं असेल.

काल एक गोरा ड्रायव्हर फळीवर मूठ आपटून म्हणाला, "येसाजी, तुझ्यासारखा बार मोंबाशातसुद्धा नाही!" सगळे हसले. तू असतीस तर बघितलं असतंस.

एक गोष्ट मात्र बघवत नाही. या मुलखात दोन वर्षं पाऊस नाही. इथले लोक, हाडं आणि कातडी उरलेले, चालत येतात आणि रुळाच्या कडेला बसून राहतात. मागत नाहीत, नुसते बसतात. त्यांना दारू विकायला सरकारची सक्त मनाई आहे आणि माझ्याकडे दुसरं काही नाही. मी तोंड फिरवतो.

दिवाळीनंतर मैनेला पाठवायची तयारी कर. तोवर मागे दोन खोल्या बांधून होतील. बाकी सगळं ठीक. काळजीचं कारण नाही. खरंच नाही.

येसाजी


चौक, ता. १४ मे १८९९

येसू,

तुझं पत्र गुरुजींनी वाचलं आन् मग बराच वेळ कागद उजेडाला धरून बघत बसले. मी म्हटलं, काय झालं? तर म्हणाले, "याचं अक्षर माझ्या हाताखालचं. मोत्यासारखं होतं. आता ओळी उतरणीला लागल्यात."

तुला ताप येतो ना रं? तिकडचा ताप वाईट असतो म्हणतात. लपवू नको. कळंबचा मुनाफ सुतार तिकडंच हाय ना, त्याच्या बायकोनं, अमिरुन्निसानं, नवऱ्यासाठी गठुळं धाडलं, त्यात तुझ्यासाठी काडेचिराईत आन् सुंठ घातलीय. काढा करून घे. कडू हाय म्हणून टाकू नको.

आता दुसरं. मैनेला कळलं.

तुझ्याबरोबर गेलेला सखा परत आला. कर्जतच्या बाजारात तो मैनेला भेटला आन् म्हणाला, "वहिनी, येसाजीनं लय मोठा दारूचा गुत्ता घेतला." ती घरी आली, डोक्यावरची टोपली खाली ठेवली, मला म्हणाली, "आत्या, तुमाला ठाऊक होतं?" मी म्हटलं, होतं. तिनं पदर खोचला आन् माहेरी निघून गेली.

चवथ्या दिवशी आली. म्हणाली, "दारूचा मला राग हाय, पण त्याच्यानं मी मेले नसते. तुमी दोघांनी मिळून मला येडी ठरवली, त्याचा राग जात नाय." मी भात वाढला. ती जेवली. पण तुझं नाव काढत नाय.

तू तिला लिही. तिला. मला नको.

आत्या


मैल २४०
ता. १९ ऑगस्ट १८९९

चंद्राआत्याबाईंना कळंबच्या मुनाफ सुताराचा सलाम.

मी तुमच्या भाच्याबरोबर एकाच बोटीतून आलो. माझं शिक्षण तिसरीपर्यंतचं, चुकीला माफी असावी. येसाजीचं पत्र तुम्हांला चार महिने नाही, म्हणून मी लिहितो. त्याला विचारलेलं नाही. विचारलं असतं तर नको म्हणाला असता.

तळ इथून उठला. सगळा. रूळ मे महिन्यातच पुढे मैल ३२६ ला पोचला आणि कारखाना तिकडे बांधताहेत. मी सुतार म्हणून तिकडेच असतो, डबे दुरुस्त करायला लाइनीवर खालीवर फिरतो. इथे आता स्टेशनची एक खोली, पाण्याची टाकी आणि येसाजीचा बार, बाकी मोकळं रान.

जूनमध्ये एक साहेब तपासणीला आला. परवाना दाखव म्हणाला. येसाजीने रुझारची चिठ्ठी दाखवली. साहेबाने सांगितलं, परवाना माणसाच्या नावाचा असतो, तो चिठ्ठीने दुसऱ्याला जात नाही. बाटल्या जप्त केल्या, दाराला मोहोर लावली. रुझारचा मोंबाशात शोध घेतला. त्याची बायको आजारी नव्हती, त्याला बायकोच नव्हती.

आता जे लिहितो ते लिहिताना मला लाज वाटते, पण तुम्ही त्याच्या आईच्या जागी आहात. येसाजी प्यायला लागला होता. साहेब आला त्याच्या किती तरी आधीपासून. आधी गिऱ्हाइकाला राग नको म्हणून एक पेला, मग तंबू उठू लागले तसा एकटाच. बाटल्यांची एक पेटी पुरून ठेवली होती, मोहोर लागल्यावर तीही संपवली. मी पोचलो तेव्हा तो बारच्या मागे पालाखाली पडला होता. अंगावर कपडा धड नव्हता.

मी त्याला आंघोळ घातली. त्याची पत्र्याची पेटी उघडली तर त्यात तुमचं मे महिन्याचं पत्र, फोडलेलंसुद्धा नाही. म्हणाला, "मुनाफ, आत काय असेल ते मला माहीत आहे." मी म्हटलं, "माहीत असेल तर ऐकायला काय हरकत आहे?" आणि वाचलं. काडेचिराईताचं आलं तेव्हा तो तोंड झाकून रडला. म्हणाला, "तिला वाटतं ताप आहे."

आज अठरा दिवस झाले, त्याने घेतली नाही. मिळतही नाही, हेही खरं. मी येताजाता पीठ आणि डाळ ठेवतो. त्याच्याकडे परतीचं तिकीट नाही. काय करावं ते तुम्ही सांगा. तुमचं तो ऐकेल.

मुनाफ


चौक, ता. २२ सप्टेंबर १८९९

येसू, बाळा,

मुनाफला म्हणावं, त्यानं लिहिलं म्हणून आमी त्याचे ऋणी हाय. त्याच्यावर डोळे वटारू नको.

ओळी उतरणीला लागल्या असं गुरुजी म्हणाले ना, तेव्हाच मला कळलं होतं. दारू विकलेली बाई मी, मला थरथरता हात कळणार नाय? पण मी मनाला म्हटलं, ताप हाय. तापाला काढा देता येतो.

तू मला विचारलं होतंस काय सांभाळावं. मी तुला परवाना सांगितला, तळ सांगितला. खरं सांगायचं ते सांगितलंच नाय. आज सांगते. गुरुजी लिहिताहेत आन् मैना पण बसलीय. तिला मीच बसवलीय.

माझे धनी गोमा घाटाच्या कामावर पटकीनं गेले. मी वीस वर्षांची. पोटासाठी मांडव टाकला. एक भिवाजी म्हणून सुरुंगवाला होता, वर देशावरचा. चांगला माणूस. रोज सकाळी एक घोट घ्यायचा, कड्यावर दोरानं लोंबकळायचं काम, घेतल्याबिगर पाय हलत नाय म्हणायचा. एका सकाळी त्यानं दुसऱ्यांदा मागितली, तिसऱ्यांदा मागितली. मी ओतली. पैसे देत होता, मी ओतली. कर्णा वाजला, सगळे आडोशाला पळाले. तो पळाला नाय. ऐकूच गेलं नसंल, नायतर ऐकून बसला असंल. सुरुंग उडाला.

चार दिवसांनी त्याची बायको आली. जना तिचं नाव. नवऱ्याला खायला धपाट्यांचं गाठोडं घेऊन ती माझ्याच मांडवाशी थांबली. "भिवाजी कुठं भेटंल?" मी म्हटलं, "तो पुढच्या टोळीत गेला, वर खंडाळ्याला." ती म्हणाली, "बरं झालं बाई, तू सांगितलंस." आन् ते गाठोडं घेऊन घाट चढायला लागली. वळणावर दिसेनाशी होईस्तोवर मी बघत होते. हाक मारली नाय.

आन् मी मांडवही बंद केला नाय. काम संपेस्तोवर दोन महिने विकत होते. हे मी तुझ्या बापाला सांगितलं नाय, देवापुढं सांगितलं नाय. मैनेला खाणावळ म्हणून सांगितलं ना, त्या दिवशी मला जना दिसली. तेच तोंड. तसंच खूश झालेलं.

तू वाईट नायस. तू फसलास, मग लाजलास, मग लपलास. लपू नको एवढंच.

आता कामाचं. टाकी हाय म्हणतोय मुनाफ. म्हंजे गाडी तिथं पाणी घेते. कर्जतला तू काय बघितलंस पाच वर्षं? घाट चढायला मागचं इंजिन जोडेस्तोवर गाडी थांबते, आन् थांबलेल्या माणसाला भूक लागते. तिथं दारूवाले गेले आन् भाकरीवाले राहिले. तिकडची गाडी किती वेळ थांबते ते मोज.

मैनेला काही बोलायचं हाय. तिचं गुरुजी तिच्या शब्दांत लिहितात.

"मला लिहिलं नाय तुमी. मी रोज डाकवाल्याला बघत होते. दिवाळी झाली की मी येणार. मुनाफभाऊंची अमिरुन्निसाभाभी निघालीय, तिच्यासंगं. आत्या नको म्हणत नायत. तुमी म्हणालात तरी मी ऐकणार नाय."

ऐकलंस? आशीर्वाद.

आत्या


मैल २४०
ता. ५ नोव्हेंबर १८९९

आत्या,

तुझं पत्र मी स्वतः फोडलं आणि स्वतः वाचलं. टाकीच्या सावलीत बसून दोनदा वाचलं.

मुनाफने लिहिलं ते सगळं खरं आहे, आणि त्याला ठाऊक नाही तेही सांगतो. तळ हलणार हे मला बार घेण्याआधीच कळलं होतं. सर्वेच्या साहेबाने मेसमध्ये नकाशा पसरला होता, त्यावर कारखान्याची खूण पुढे कुठेतरी होती. मी पाहिली. पण रुझार बोलत होता तेव्हा मला ती आठवायची नव्हती. एकदा तरी आपल्या नावाचं काही असावं, एवढंच डोक्यात होतं. त्याने मला फसवलं त्याच्या अर्धं मी स्वतःला फसवलं.

भिवाजीबद्दल मी काय लिहू? तू वीस वर्षांची होतीस. त्या वयात मी कर्जतला साहेबाची बशी फोडली आणि नाव दुसऱ्याचं घेतलं. तुझ्याहून चांगलं काही मी केलं नाही, एवढंच सांगतो.

गाडी पाणी घ्यायला पस्तीस मिनिटं थांबते. मी मोजलं. स्टेशनमास्तरांना विचारून रोटी आणि डाळ करायला लागलो आहे. मुनाफ पीठ आणून देतो. ड्रायव्हर, गार्ड, डब्यातले मिस्त्री घेतात. उरतं ते रुळाकडेच्या माणसांना देतो. त्यांच्यातली एक म्हातारी मला न विचारता लाकडं आणून टाकते आणि चुलीशी बसते. आम्हाला एकमेकांची भाषा येत नाही. ती काहीतरी बोलते, मी मराठीत उत्तर देतो, आमचं चाललं आहे.

पण मैनेला पाठवू नकोस. हात जोडतो. इथे घर नाही, पत्रा आहे. देवीची साथ आहे, जनावरांची भीती आहे. माझ्या दारावर अजून सरकारी मोहोर आहे, मी मागच्या पडवीत झोपतो. आणि मी सुटलो आहे असं मला अजून खात्रीनं म्हणवत नाही. गेल्या आठवड्यात एका ड्रायव्हरने बाटली पुढे केली. मी घेतली नाही. पण तो गेल्यावर त्या बाटलीचा वास मी किती वेळ आठवत बसलो, ते मला ठाऊक.

ती आली आणि मी पुन्हा पडलो तर? तिला थांबव.

येसाजी


चौक, ता. ११ डिसेंबर १८९९

येसू,

तुझं पत्र आज आलं. मैना गेली त्याला आज अठरा दिवस झाले. आता तिला कोण थांबवतं!

कर्जतपर्यंत मी पोचवायला गेले होते. अमिरुन्निसा बुरख्यात, मैना नऊवारीत, दोघींची मिळून एकच ट्रंक. गाडी यायला वेळ होता. मी तिला म्हटलं, "मैने, तो पुन्हा प्यायला तर काय करशील?" तिनं इकडंतिकडं बघितलं. म्हणाली, "आत्या, मला ठाऊक नाय. तिथं गेल्यावर कळंल. इथं बसून कळणार नाय." मला वाटलं, हिला काही तरी शहाणपणाचं सांगावं. पण तिच्या लुगड्याला गवताचं कुसळ लागलं होतं, ते काढलं.

बोटीवर चढण्याआधी डॉक्टर तपासतात, प्लेगसाठी. दोघी पास झाल्या असं अमिरुन्निसाच्या भावानं येऊन सांगितलं.

आता ती तुझ्याकडं हाय. काही लपवायचं झालं तर माझ्यापासून लपव, तिच्यापासून नको.

आत्या

(येसाजी, ती स्टेशनवरून परत आली आणि पहिल्यांदाच म्हणाली, "गुरुजी, जनाचं गाव कुठलं असंल हो?" मला ठाऊक नव्हतं. आम्ही दोघं वर देशावर चौकशी करायची म्हणतो. चाळीस वर्षांनी काय सापडणार, पण तिला जायचं आहे. तिच्याबरोबर मी जाईन. — आबाजी)


मैल २४०
ता. १४ जानेवारी १९००

आत्या,

मैना पोचली. काय झालं ते सगळं सांगतो.

बोट कधी लागली ते मला कळलंच नव्हतं. बंदरात दहा दिवस त्यांना वेगळं ठेवलं होतं. परवा दुपारची गाडी आली. मी नेहमीसारखा रोट्यांची टोपली डोक्यावर आणि डाळीचं भांडं हातात घेऊन डब्यांच्या बाजूनं हाकारत चाललो होतो. तिसऱ्या डब्यातून एक हात बाहेर आला. हिरव्या बांगड्यांचा. मी वर न बघताच द्रोण भरला, वर रोटी ठेवली, हातात दिली आणि पुढे गेलो. मागून आवाज आला.

"डाळीत मीठ कमी हाय."

आत्या, भांडं माझ्या हातातून सुटलं. सगळी डाळ रुळात. लोक हसायला लागले. ती डब्यातून उतरली, पदर सावरला, आणि खाली बसून आधी ते भांडं उचललं. चार वर्षांनी मी तिचं तोंड पाहत होतो आणि माझ्या तोंडून काय निघावं? मी म्हणालो, "इथं मीठ महाग आहे." अमिरुन्निसाभाभी बुरख्याच्या आत इतक्या हसल्या की मुनाफला पुढच्या डब्यातून उडी मारून यावं लागलं. तो त्यांना आणायला मोंबाशापर्यंत गेला होता आणि मला बोलला नव्हता. मुनाफ आणि भाभी त्याच गाडीनं पुढे गेले.

गाडी गेल्यावर ती बारपाशी गेली. मोहोर मागल्या आठवड्यात काढली. साहेबाने परवान्याचा दंड सोडला, मात्र दारू ठेवायची नाही असं लिहून घेतलं. मी दार उघडलं. तिनं सगळी खोली पाहिली. रिकामी मांडणी, फळी, कोपऱ्यातल्या फुटक्या काचा. फळीच्या मागे जाऊन, मी जिथे उभा राहायचो तिथे उभी राहिली.

"हितं उभे राहायचात?"

"हो."

"आन् मला खाणावळ सांगितलीत."

मी सगळं सांगितलं. नकाशाचं, रुझारचं, पुरलेल्या पेटीचं, ड्रायव्हरच्या बाटलीच्या वासाचंसुद्धा. शेवटी मी म्हणालो, "मैना, तुला जे बोलायचं ते बोल. मी ऐकतो." तिनं बाहेर पाहिलं. लाकडं आणणारी म्हातारी चुलीशी बसली होती, तिच्यापाशी आणखी दोन बायका येऊन बसल्या होत्या. संध्याकाळच्या मालगाडीला दोन तास होते आणि दुपारची डाळ सगळी रुळात गेली होती.

मैना म्हणाली, "भांडायला सगळा जन्म पडलाय. पीठ कुठं ठेवता ते दाखवा."

तुझा,
येसाजी